‘आधी काय दळलं होतं?’ : गव्हाशिवाय दळण देणाऱ्या एका गिरणीचे परीक्षण

डोंबिवली पूर्वेच्या एका जुन्या वसाहतीत, इमारतीच्या तळमजल्यावर असलेल्या एका पिठाच्या गिरणीला दोन दारे आहेत. रस्त्याकडच्या मोठ्या दाराने आत गेले की कोणत्याही गिरणीत दिसावे तेच दिसते: पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंती, रांगेत ठेवलेले पत्र्याचे आणि स्टीलचे डबे, डब्यांवर खडूने लिहिलेली आडनावे, आणि पट्ट्याच्या आवाजावर आपला आवाज चढवून बोलणारी माणसे. दुसरे दार बाजूच्या बोळात आहे. त्यावर हाताने रंगवलेली पाटी आहे: ‘गव्हाशिवायचे दळण. गहू, खपली, सातू, रवा, मैदा आत आणू नये.’ गेले चौदा महिने मी या दुसऱ्या दाराची गिऱ्हाईक आहे, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या दाराविषयी आहे.

गिरणीचे नाव आणि पत्ता येथे दिलेला नाही. मालकीणबाईंनीच तशी विनंती केली. आहे त्या मंडळींचे दळण वेळेवर होत नाही, आणखी माणसे आली तर जुन्यांना काय सांगायचे, असे त्यांचे म्हणणे. ज्या दुकानाला जाहिरात नको आहे त्याचे परीक्षण कशासाठी लिहायचे, असा प्रश्न पडू शकतो. मी एका सहकारी बँकेच्या कर्जविभागात एकतीस वर्षे काम केले. लघुउद्योगाच्या कर्जासाठी आलेले शेकडो प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावरून गेले, आणि त्यांतला ‘बाजारपेठ’ या शीर्षकाखालचा परिच्छेद बहुतेक वेळा एकमेकांवरून उतरवलेला असे: लोकसंख्या वाढत आहे, राहणीमान उंचावत आहे, सबब मागणी वाढेल. दुकानाच्या दारात नेमके कोण येईल आणि आल्यावर काय मागेल, हे त्यात क्वचितच लिहिलेले असे. या गिरणीने कोणताही अहवाल न करता त्या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते मला गिऱ्हाईक म्हणून उपयोगी पडलेच; पण जुन्या कामाच्या सवयीने मी ते तपासूनही पाहिले.

या दाराशी माझा संबंध आला तो नातीमुळे. ती सहा वर्षांची असताना तिला सिलिअॅक आजार असल्याचे निदान झाले. या आजारात गहू, सातू (जव) आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखेच एक धान्य) या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते, आणि जन्मभर ग्लूटेन टाळणे हाच त्यावरचा उपचार असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लूटेन नसते, त्यामुळे आपल्याकडच्या घराला हे पथ्य जड जाऊ नये, असे आम्हाला पहिल्या आठवड्यात वाटले. भाकरी तर आमच्याकडे रोजचीच होती. अडचण धान्यापाशी आली नाही, ती दळणापाशी आली.

नेहमीच्या गिरणीत एकाच चक्कीवर सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे दळले जाते. दगडांवरच्या खाचांत, पेटीच्या कोपऱ्यांत, पीठ ज्या कापडी नळीतून डब्यात पडते तिच्या सुरकुत्यांत आधीच्या दळणाचे पीठ राहतेच. म्हणून तर ज्वारीच्या डब्यात सुरुवातीला थोडी कणीक येते आणि शेवटची मूठभर ज्वारी पुढच्या माणसाच्या गव्हात जाते. गिरणीच्या व्यवहारात ही देवाणघेवाण सर्वांनी गृहीत धरलेली असते. सिलिअॅकच्या रुग्णाला मात्र ती परवडत नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणायचे त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, आणि आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही हाच आकडा आहे. कणकेत साधारण आठ ते दहा टक्के ग्लूटेन धरले, तर एक किलो ज्वारीच्या पिठाला ही मर्यादा ओलांडायला पाव ग्रॅम कणीक पुरते. पाव ग्रॅम म्हणजे धड चिमूटही नव्हे. घरघंटी घेणे हा एक मार्ग होता, आणि ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, खालच्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ अंथरुणाला खिळलेले असताना, तो शक्य नव्हता.

थोडे विषयांतर करते. गव्हाचा आणि या आजाराचा संबंध सिद्ध करणारे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना त्याचा पहिला धागा एका आईच्या बोलण्यातून मिळाला, असे सांगितले जाते. मुलाच्या खाण्यातला पाव बंद केला की त्याचा त्रास कमी होतो, असे तिने 1930 च्या दशकात त्यांना सांगितले होते. पुढे 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे पाव मिळेनासा झाला, तेव्हा ही शंका अधिक बळावली, आणि 1950 मध्ये उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात डिके यांनी ती पुराव्यानिशी मांडली. ‘आईला काय कळते’ असे त्यांनी म्हटले नाही, याचे मला अजूनही अप्रूप वाटते, कारण आमच्या नातीच्या बाबतीत निदान होण्यापूर्वी दीड वर्ष आम्ही तेच ऐकत होतो.

गिरणी सध्याच्या मालकांच्या वडिलांनी सुरू केलेली आहे. आता मुलगा चक्की चालवतो आणि सून गल्ल्यावर बसते. तिला लहानथोर सगळे वहिनीच म्हणतात. गल्ल्याशेजारी खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट वही असते. हिशेबाची वही वेगळी. या वहीत दळण घेऊन आलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न किंवा केलेली तक्रार तारखेसह लिहिली जाते, आणि कौतुक अजिबात लिहिले जात नाही. मी त्याचे कारण विचारले तेव्हा वहिनी म्हणाल्या, “‘छान झालं’ असं सगळेच म्हणतात हो काकू. त्याचं मी काय करू?”

वही मुळात भांडणे मिटवण्यासाठी सुरू झाली होती. कुणाचा डबा बदलला, कुणाचे पीठ जाडसर आले, कुणाला घट जास्त वाटली, अशा तक्रारी तोंडी राहिल्या की दुसऱ्या दिवशी त्यांचे रूप बदलते, म्हणून त्या कागदावर घ्यायच्या, इतकाच हेतू होता. पण पाने भरत गेली तसा एकच प्रश्न वेगवेगळ्या हातांनी पुन्हा पुन्हा लिहिलेला दिसू लागला: ‘आधी काय दळलं होतं?’ आषाढी आणि महाशिवरात्रीच्या आधी तो उपवासवाल्यांनी विचारला होता, कारण वरई-राजगिऱ्याच्या पिठात कणीक आली तर उपवास मोडतो. भाद्रपदात तो मोदकांसाठी आंबेमोहोर धुऊन वाळवून आणणाऱ्या बायकांनी विचारला होता, कारण बाजरीनंतर दळलेल्या पिठीत काळपट ठिपके येतात आणि पांढऱ्याशुभ्र उकडीची सगळी शोभा जाते. वर्षभर अधूनमधून तो तान्ह्या बाळाला नाचणीची पेज सुरू करणाऱ्या आयांनी विचारला होता. आणि एक गृहस्थ सलग चार शनिवार येऊन तोच प्रश्न विचारत, उत्तर ऐकत, आणि ज्वारीचा डबा न दळता परत घेऊन जात. वहिनींनी त्यांच्या नावापुढे चारही वेळा ‘गेले’ असा एकच शब्द लिहिलेला मी पाहिला आहे.

माझ्या मते या गिरणीची खरी हुशारी या ठिकाणी आहे. हे चार प्रकारचे लोक चार वेगळ्या कटकटी म्हणून प्रत्येक गिरणीवाल्याला माहीत असतात. उपवासवाल्यांचे सोवळे, मोदकवाल्यांची हौस, नव्या आईची काळजी आणि ‘त्या शनिवारच्या माणसाचा विक्षिप्तपणा’ अशी त्यांना चार वेगळी नावेही दिलेली असतात. कारणे एका ओळीत येत नाहीत, म्हणून गरज एक आहे हे लक्षात येत नाही. येथे कारणे बाजूला ठेवून नुसते प्रश्न एकाखाली एक लिहिले गेले होते, त्यामुळे ते दिसले. शनिवारच्या गृहस्थांना पाचव्या खेपेला वहिनींनी बसवून घेतले आणि विचारले, तेव्हा त्यांच्या मुलाला सिलिअॅक असल्याचे कळले. तोपर्यंत हा शब्द गिरणीत कुणी ऐकलेला नव्हता.

यानंतर लगेच दुसरी चक्की आली असे मात्र झाले नाही, आणि कर्जविभागातल्या बाईला हा भाग फार आवडतो. मालकांना खर्चाची धास्ती होती. म्हणून त्यांनी आधी सोमवारची साप्ताहिक सुट्टी बंद केली; रविवारी रात्री जुनी चक्की उघडून, दगड ब्रशने झाडून, कापडी नळी बदलून आणि दोन किलो कणी दळून फेकून देऊन सोमवारी फक्त गव्हाशिवायचे दळण घ्यायला सुरुवात केली. सुमारे तीन महिने हे चालले. माणसे येत राहिली, किलोमागे जास्त पैसे द्यायला तयार झाली, म्हणजे मागणी खरी होती. पण त्या गृहस्थांनी तेव्हाही डबा टाकला नाही. चक्की झाडली तरी भिंतींवर, पंख्यावर आणि हवेत वर्षानुवर्षांचे गव्हाचे पीठ आहे, ते आमच्या डब्यात पडणारच, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हेही वहीत उतरले. त्यानंतर पोती ठेवायची मागची खोली रिकामी झाली, तिला बोळाकडून दार पाडले, आणि एका बंद पडलेल्या गिरणीतून पाच अश्वशक्तीची लहान चक्की आणून, तिला नवे दगड बसवून ती तेथे सुरू झाली. तिच्यावर आजवर गव्हाचा दाणा पडलेला नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये केंद्राने योजना सुरू केली होती, तिच्यात पात्र खर्चाच्या 35 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. या जोडप्याने त्याची चौकशीही केली नाही याबद्दल मी त्यांना रागावले आहे. एका सुट्टीच्या किमतीत बाजारपेठ तपासून पाहणारे लोक अर्जाच्या चार पानांना का घाबरतात, हे मला कळलेले नाही.

लोक जे म्हणतील ते सगळे करायचे, असा याचा अर्थ घेऊ नये, कारण तसे करून ही गिरणी दोनदा तोंडघशी पडलेली आहे. 2023 हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी जो तो ‘सात धान्यांचे तयार पीठ ठेवा’ असे सुचवत होता. वहिनींनी ते ठेवले. सुचवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकेक पाकीट नेले, चांगले आहे असे सांगितले, आणि पुन्हा विचारले नाही. उरलेल्या पिठातल्या बाजरीला कडवटपणा आला आणि ते फेकावे लागले. घरपोच सेवेचेही तेच झाले. सुचवणारे अनेक होते, पण डबा घेऊन मुलगा दाराशी गेला की कुलूप असे, किंवा ‘आज धान्य निवडून झालेले नाही’ असे उत्तर मिळे. तेव्हापासून वहीत दोन खुणा आल्या. ज्याने नुसते सुचवले त्याच्यापुढे टिंब, आणि ज्याला हवे ते न मिळाल्यामुळे जो दळण न टाकता परत गेला त्याच्यापुढे फुली. वहिनी फुल्या मोजतात. बँकेत आम्ही याहून कितीतरी किचकट तक्ते भरून याहून कमी माहिती मिळवत होतो.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. मागच्या खोलीत जाण्यापूर्वी चपला बाहेर काढाव्या लागतात आणि घरचा डबा आत चालत नाही, कारण घरोघरी त्याच डब्यात कधीतरी कणीक राहिलेली असते. धान्य नव्या किंवा स्वच्छ धुतलेल्या कापडी पिशवीत आणायचे. पीठ गिरणीच्या स्टीलच्या डब्यात पडते आणि तेथून आपल्या दुसऱ्या पिशवीत भरले जाते. दळण्यापूर्वी दोन बायका परातीत धान्य निवडतात. सुरुवातीला मला हा देखावा वाटला होता, पण पहिल्याच महिन्यात माझ्या पाच किलो ज्वारीतून त्यांनी मूठभर गहू काढून दाखवले. वाण्याकडे गव्हाच्या पोत्यात फिरणारे मापच ज्वारीच्या पोत्यात जाते, हे मी वर्षानुवर्षे पाहत होते आणि तरी माझ्या लक्षात आले नव्हते. साधे ओट्स येथे दळून मिळत नाहीत, कारण शेतापासून कारखान्यापर्यंत त्यांत गहू-सातू मिसळण्याची शक्यता असते. खपली चालते अशी अनेकांची समजूत असते. खपली हाही गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असते, हे वहिनी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी न चिडता समजावून सांगत असतात.

दळणाचा क्रमही ठरलेला आहे आणि तोही तक्रारींतूनच घडलेला आहे. सकाळी आधी तांदळाची पिठी, मग ज्वारी, मग नाचणी आणि शेवटी बाजरी. म्हणजे पांढऱ्यापासून काळपटाकडे. उपवासाचे दळण सोमवारी स्वतंत्र असते, कारण उपवासाला तांदूळ आणि ज्वारीही चालत नाहीत, त्यामुळे गहू नसलेली चक्कीही त्यांच्यासाठी पुरेशी नाही. भगरीचे तयार पीठ मात्र येथे विकत मिळत नाही. ओल धरलेल्या भगरीला आणि तिच्या पिठाला बुरशी लागून विषबाधा होते, आणि अन्न व औषध प्रशासन सणावारांच्या सुमारास त्याबद्दल सावधगिरीच्या सूचना काढत असते. म्हणून भगर आपली आणायची, दळून न्यायची आणि चार दिवसांत संपवायची, असा नियम आहे. याबद्दल कुरकुर करणारे गिऱ्हाईक मी पाहिले आहेत. त्या कुरकुरीपुढे टिंबच पडते.

पाटीवर ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द नाही, हे मला सर्वांत विश्वासार्ह वाटले. प्रत्येक दळणाची प्रयोगशाळेत तपासणी होत नाही, तेव्हा तो शब्द लिहिण्याचा आम्हाला हक्क नाही, असे मालक म्हणतात. ‘गव्हाशिवायचे दळण’ एवढेच ते सांगतात, कारण तेवढ्याची जबाबदारी ते घेऊ शकतात. ज्यांच्या मुलांची प्रकृती फार नाजूक आहे त्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा आणि डॉक्टरांशी बोलून निर्णय करावा. आम्ही चौदा महिने येथलेच पीठ वापरत आहोत आणि नातीच्या दोन्ही रक्ततपासण्यांत आजार दाखवणारे आकडे उतरत गेले आहेत, पण एका घराचा अनुभव म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

पिठाच्या गुणवत्तेत ज्वारी पहिल्या क्रमांकाची. लहान चक्की सावकाश चालवली जाते, त्यामुळे पीठ हाताला कोमट लागते, चटका बसण्याइतके तापत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा चिरतात. येथून आणलेल्या पिठाची भाकरी पाचव्या-सहाव्या दिवशीही परातीत नीट फिरते, हे माझ्या सुनेने, जिला सासूच्या शिफारशींवर विशेष श्रद्धा नाही, स्वतःहून कबूल केले आहे. तांदळाची पिठी हवी तितकी मऊ निघते आणि गेल्या गणपतीत उकडीची पारी एकदाही फाटली नाही. बाजरी मात्र ताजीच वापरावी. आठवड्यापलीकडे ठेवल्यावर ती कडवट लागली, पण हा बाजरीचा स्वभाव आहे, गिरणीचा दोष नव्हे.

मागणीप्रमाणे तयार करून मिळणारी थालीपिठाची भाजणी स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. बहुतेक घरांतल्या भाजणीत थोडे गहू असतातच. येथे ते काढून उडदाचे प्रमाण किंचित वाढवले आहे, त्यामुळे थालीपीठ तव्यावर लावताना तुटत नाही. धने-जिऱ्याचा भाजका वास पिशवी उघडताच येतो, आणि धान्ये वेगवेगळी भाजलेली असल्यामुळे तांदूळ कच्चा आणि डाळ करपलेली असा प्रकार नाही. मेतकुटाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. पारंपरिक मेतकुटात गहू असतात, ते त्यांनी वगळले होते. तरीही एका मुलीच्या आईने विचारले, ‘हिंग कोणता घालता?’ बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे तोवर गिरणीत कुणी वाचून पाहिले नव्हते. डबीवरचा मजकूर वाचल्यावर त्या आठवड्याचे मेतकूट मागच्या खोलीतून बाहेर निघाले, आणि आता तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग शोधून आणला जातो. माझ्यापुरते सांगायचे तर घरातल्या हिंगाची डबीही मी त्या दिवसानंतरच वाचली.

तक्रारी माझ्याही आहेत. गेल्या पावसाळ्यात एकदा नाचणीच्या पिठात स्पष्ट कचकच लागली. नातीने पहिल्याच घासाला ताट बाजूला सारले. मी पीठ परत नेले तेव्हा मालकांनी वाद घातला नाही, पण आधी धान्यातच खडे असतील असे म्हणून पाहिले. वहिनींनी वही उघडली आणि आदल्याच दिवशी दगडांना टाकी लावल्याची, म्हणजे झिजलेल्या खाचा छिन्नीने पुन्हा टोचून घेतल्याची, नोंद निघाली. टाकी लावल्यानंतर दगडाची भुकटी निघून जावी म्हणून आधी थोडे हलके धान्य दळून टाकावे लागते, ते घाईत नीट झाले नव्हते. माझ्या नाचणीचे पैसे आणि धान्य त्यांनी भरून दिले, त्या सकाळी दळून गेलेल्या उरलेल्या सहा जणांना फोन केले, आणि आता टाकीचा दिवस पाटीवर आधी लिहिला जातो व त्या दिवशी मागची चक्की बंद असते. चूक गंभीर होती. सहा जणांना स्वतःहून फोन जाणे मात्र मी कोणत्याही मोठ्या दुकानाकडून अनुभवलेले नाही.

दर जास्त आहेत. पुढच्या चक्कीवर गव्हाला किलोमागे 8 रुपये पडतात, मागच्या चक्कीवर कोणत्याही धान्याला 20 रुपये, आणि त्यात निवडण्याचे पैसे धरलेले आहेत. महिन्याला पंधरा-सोळा किलो पीठ लागणाऱ्या घराला हा फरक जाणवतो. चक्की लहान असल्यामुळे सकाळी दिलेले दळण अनेकदा दुसऱ्या दिवशी मिळते, आणि फोन करून विचारावे तर चक्कीच्या आवाजात तो कुणाला ऐकू येत नाही. बोळात थांबायला आडोसा नाही. पावसात धान्याची पिशवी पोटाशी धरून उभे राहावे लागते. चकलीच्या भाजणीसाठी दिवाळीपूर्वी किमान दहा दिवस आधी नाव नोंदवले नाही तर काम होत नाही, आणि ही सूचना कुठेही लिहिलेली नाही, ती जुन्या गिऱ्हाइकांना तेवढी माहीत असते. नव्या माणसाला हे अन्यायाचे वाटले तर त्यात त्याची चूक नाही.

सर्वांत मोठी अडचण दोन किलोंच्या अटीची आहे. मागच्या चक्कीवर दोन किलोंपेक्षा कमी दळण घेतले जात नाही, कारण थोड्या धान्यासाठी चक्की झाडण्याचा वेळ परवडत नाही. पण ज्या घरात एकाच माणसाला वेगळे पीठ लागते, त्या घरात दोन किलो बाजरी संपेपर्यंत कडू होते. नात आता शाळेच्या सुट्टीत पुण्याला आत्याकडे जाते, तेव्हा तर दोन किलो फारच होते. परवा ज्वारी टाकताना मी हे वहिनींना सांगितले आणि एक किलोचे दळण आठवड्यातून एखाद्या दिवशी तरी घ्यावे, अशी विनंती केली. त्यांनी तारीख टाकून ते लिहिले, आणि मग लगेच वही मिटली नाही; मागची पाने उलटत गेल्या. एक मागणी चातुर्मासात पिठाची मर्यादा पाळणाऱ्या जैन कुटुंबाची निघाली, ज्यांना पावसाळ्यात मोजक्याच दिवसांचे पीठ चालते. दुसरी एकट्या राहणाऱ्या एका आजोबांची होती. दोघांच्याही नावापुढे फुली होती. माझ्या नावापुढे काय घालायचे, असे त्यांनी पेन थांबवून मला विचारले, कारण मी दोन किलो ज्वारी तर टाकलीच होती. बाजरीची एक किलोची पिशवी माझ्या हातात तशीच होती. ती मी घरी परत नेणार होते. त्यांनी ती पाहिली आणि फुली मारली.